जुन्या टाटा १२१० ला वॉटर सेपरेटर बसवला : तीन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

डिझेलातलं पाणी वेगळं काढणारा वॉटर सेपरेटर घेऊन तीन पावसाळे उलटले, म्हणून आता लिहायला बसलो. डिझेल इंजिनाला लावलेली कुठलीही नवी वस्तू पहिले आठ दिवस चांगलीच वाटते. तिची खरी परीक्षा गाडी चार महिने पावसात उभी राहून पुन्हा चालू करताना होते, आणि आमच्या सिंधुदुर्गात पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर.

गाडी टाटा १२१० एसई, १९९२ सालची, पुढे नाक असलेली. आमचा चिऱ्यांचा, म्हणजे घरबांधणीच्या जांभ्या दगडांचा, धंदा. दिवाळीनंतर चिरेखाणी सुरू होतात त्या मेअखेरपर्यंत गाडी रोज धावते, आणि पाऊस लागला की घराच्या मागच्या मांगराशेजारी उभी. इंजिन टाटाचं ६९७, टर्बो नसलेलं. नव्या पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो, यातला ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे बोअर, मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक १२८. मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाचीही हीच मापं. टेल्को (टाटा मोटर्सचं जुनं नाव) आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षं चालला, त्या घराण्यातलं हे इंजिन आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एसटीत मेकॅनिक होते. एसटीच्या कितीतरी टाटा गाड्यांमध्ये हेच इंजिन असल्यामुळे त्यांच्या हाताला ते पाठ आहे. त्यांच्यामुळेच गाडीचं बहुतेक काम आम्ही घरी करतो. गॅरेजला फक्त दोनच गोष्टी जातात : नोझलांमधून इंजिनात डिझेल ढकलणारा पंप आणि लेथचं काम.

आता वस्तूबद्दल. डिझेलचा वॉटर सेपरेटर. वरती ॲल्युमिनियमचं डोकं, त्यातच बसवलेला हॅन्ड पंप, मधे बदलायचा फिल्टर, आणि खाली पारदर्शक वाटी, वाटीच्या बुडाला पाणी सोडायचा कॉक. डिसेंबर २०२१ मध्ये कोल्हापूरहून आणला, ब्रॅकेट आणि दोन बँजो बोल्टसकट (पाइप जोडायचे पोकळ बोल्ट) २,८५० रुपये. खोक्यावरचं नाव देत नाही, कारण याच साच्याचा माल चार नावांनी विकला जातो आणि उद्या तुम्ही त्या नावाने मागितलात तर दुसराच मिळेल. काय बघून घ्यायचं ते खाली लिहिलं आहे, ते जास्त उपयोगाचं.

घ्यावा का लागला, ते आधी सांगतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सीझनची तिसरी का चौथी खेप होती. देवगड-निपाणी रस्त्याने राधानगरीकडे चिरे न्यायचे होते. फोंडा घाट अर्धा चढलो आणि इंजिन झटके द्यायला लागलं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आवाज फुटेना, मागे पांढरा धूर. दुसऱ्या वळणावर गाडी बसलीच. मागच्या चाकांना गाडीतलेच चिरे लावले आणि फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून हॅन्ड पंप मारला. डिझेल यायच्या जागी चहाच्या रंगाचं पाणी आलं. आबांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "डिझेलात पाणी इला काय पंप गेलो. आता स्टार्टर मारू नको."

मी तोपर्यंत दहा-बारा वेळा मारला होता.

गाडी टो करून खाली आणली आणि पंप उतरवून कोल्हापूरला नेला. मायकोचा इनलाइन पंप, सहा एलिमेंटचा, म्हणजे दर सिलिंडरला डिझेल ढकलणारा एकेक दांडा. टेबलावर उघडला तेव्हा मी समोर उभा होतो. पंपवाल्याने एकेक एलिमेंट बॅरलमधून काढून माझ्या हातात दिलं. चांगलं एलिमेंट डिझेलमध्ये बुडवून बॅरलमध्ये धरलं तर आपल्याच वजनाने सावकाश खाली सरकतं. माझ्या सहापैकी चार अडकली होती. आरशासारख्या चकचकीत दांड्यावर गंजाच्या बारीक तपकिरी रेघा, नखाला लागतील अशा. एलिमेंट आणि बॅरल यांच्यात जागा असते दोन-तीन मायक्रॉन. आपला केस त्याच्या वीसपट जाड. त्या फटीत वंगण म्हणून दुसरं काही नसतं, डिझेल हेच तिथलं वंगण. त्या जागी पाणी आलं की लोखंड लोखंडावर घासतं, आणि गाडी उभी राहिली की तिथेच गंज धरतो. नोझलांपैकी दोन जाम होती. एलिमेंट, नोझल आणि कॅलिब्रेशन मिळून बिल झालं २३,४०० रुपये. अकरा दिवस गाडी उभी, ते वेगळं.

पंप दुरुस्त होऊन आला तेव्हा मी लगेच बसवायला निघालो होतो. आबांनी लावूच दिला नाही. "आधी टाकी बघ, मगे पंप लाव." वाटेत ज्याला गाडी दाखवली होती त्या मेकॅनिकने दोन्ही फिल्टर बदलून दिले होते, टाकीला हात लावला नव्हता. आम्ही टाकी उतरवली. तळाचा बोल्ट काढून उरलेलं डिझेल पांढऱ्या बादलीत सोडलं, तर पहिलं साधारण दीड लिटर नुसतं पाणी. त्यानंतर शेवाळासारखा काळपट बुळबुळीत गाळ. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे जंतू वाढतात, त्यांचा तो गाळ. मग गंजाचे पापुद्रे. टाकीत जुनी सायकलची चेन आणि चार लिटर डिझेल घालून पुतण्या आणि मी दोन बाजूंनी धरून हलवत बसलो, पाच वेळा धुतली तेव्हा स्वच्छ डिझेल यायला लागलं. (टाकीला कुठे वेल्डिंग हवं असेल तर घरी अजिबात करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक.)

पाणी आलं कुठून? पेट्रोल पंपावरच्या डिझेलमधून आलं असेल असं मला आधी वाटलं होतं. पण टाकीचं झाकण बघितलं तर आतली रबरी चकती कडक होऊन तडकलेली. शिवाय मी जूनमध्ये गाडी अर्ध्या टाकीवर उभी केली होती. अर्धी रिकामी टाकी म्हणजे तेवढी हवा, आणि आमच्याकडची पावसाळ्यातली हवा म्हणजे ओला टॉवेल. रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरतं, ते ओघळून खाली जातं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतं. चार महिने हे रोज. आता मेअखेर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवतो आणि झाकणाची चकती दर वर्षी बदलतो, ती चाळीस रुपयांना मिळते.

गाडीला मुळातले दोन फिल्टर आहेत, पहिला कापडी, दुसरा कागदी. ते घाण अडवतात, आणि वेळेवर बदलले तर चांगलं अडवतात. पण पाणी साठत गेलं तर ते कागदातूनही पुढे जातं, आणि त्या फिल्टरांचे डबे लोखंडी असल्यामुळे आत काय साठलंय ते खोलल्याशिवाय कळत नाही. सेपरेटरचं काम त्याच्या आधीचं. तो टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) यांच्या मधे बसतो. डिझेल आत आलं की त्याला एकदम मोठी जागा मिळते, वेग मंदावतो, दिशा वळते, आणि जड पाणी वाटीत खाली बसतं. वरचं डिझेल फिल्टरातून पुढे जातं. यात फिरणारा भाग एकही नाही. बिघडण्यासारखं त्यात काही नाही, आणि जे बिघडू शकतं ते बसवणाऱ्याच्या हातात आहे.

बसवायला आम्हाला एक रविवार लागला. तीन गोष्टींनी वेळ खाल्ला.

पहिली, ब्रॅकेट. गाडीच्या डाव्या अंगाला, टाकीच्या थोडं पुढे, चेसीच्या उभ्या पट्टीला कंपनीने पाडलेलं एक रिकामं भोक होतं, ते वापरलं. दुसऱ्या बोल्टसाठी पट्टीची क्लॅम्प केली. चेसीच्या वरच्या-खालच्या आडव्या कडेला भोक पाडायचं नाही, लोड तिथेच येतो आणि तडा तिथूनच जातो. सायलेन्सरपासूनही लांब ठेवला.

दुसरी गोष्ट, आणि ही या मालातली खरी खोट : सोबत आलेल्या नेपलांचं (पाइप जोडायच्या तोंडांचं) भोक बारीक होतं. माझा टाकीपासूनचा पाइप आतून आठ मिलिमीटर, यांच्या नेपलातून पाच मिलिमीटरचं ड्रिल जेमतेम जात होतं. रिकाम्या गाडीला ते चाललं असतं, घाटात लोडवर इंजिन डिझेल मागतं तेव्हा उपाशी राहिलं असतं. फीड पंपाचा बँजो एम १४, दीडच्या आट्याचा. त्याला जुळणारे दोन नेपल लेथवर करून घेतले, ३०० रुपये. विकणाऱ्याने एवढी मोठी गाडी डोळ्यांसमोर ठेवून नेपल द्यायला हवे होते, कारण खोक्यावर "जड वाहनांसाठी" असंच छापलं आहे.

तिसरी गोष्ट हवा. इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढणारी असते, ढकलणारी नाही. त्या लाइनमध्ये जॉइंट ढिला राहिला तर डिझेल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. खाली जमीन कोरडी असते, सगळं घट्ट आहे असं वाटतं, आणि गाडी चार किलोमीटरवर झटके द्यायला लागते. मग माणूस म्हणतो सेपरेटर खराब. आम्ही प्रत्येक बँजोला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वायसर घातले. जुना वायसर पुन्हा वापरायचाच असेल तर तो गॅसवर लाल करून पाण्यात टाकावा, नरम होतो. पण पाच रुपयांच्या वस्तूसाठी ते कशाला. आबांनी जॉइंट तपासायची त्यांची पद्धत दाखवली : फीड पंपाकडची पाइप काढून बंद केली, टाकीच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळून मी हळू फुंकर मारत राहिलो आणि त्यांनी जॉइंटांना साबणाचं पाणी लावलं. एका बँजोपाशी मोहरीएवढा बुडबुडा आला. पाव आटा आवळला, थांबला.

मग एअर काढली. सेपरेटरच्या डोक्यावरचा हॅन्ड पंप इथे खरोखर कामाला आला. फीड पंपावरचा जुना हॅन्ड पंप मारायचा म्हणजे इंजिनाच्या बगलेत हात घालून, मनगट खरचटवत. हा बाहेर, उभ्याने, तळहाताने दाबायचा. आधी फिल्टरवरचा स्क्रू, बुडबुडे संपून डिझेलची एकसारखी धार येईपर्यंत. मग पंपावरचा स्क्रू. मग नोझलच्या नळ्यांचे नट ढिले करून स्टार्टर. नोझलची नळी ढिली असताना हात त्या तोंडापाशी कधीही न्यायचा नाही. तो फवारा कातडी फोडून आत जातो, वरून नुसता टोचल्यासारखा दिसतो आणि बोट गमावायची वेळ येते. पुतण्याला ही गोष्ट मी तीनदा सांगितली, तुम्हालाही सांगतो.

गाडी दुसऱ्या स्टार्टरला लागली.

पहिल्या सोमवारी वाटीतलं पाणी सोडलं. पारदर्शक बाटली खाली धरून कॉक अर्धा फिरवला. आधी दोन-तीन थेंब गढूळ, मग डिझेल. बाटली उजेडाकडे धरून बघितलं तर तळाशी रुपयाएवढा पाण्याचा गोल, त्यात गंजाचे चार लाल कण, आणि वर पिवळसर डिझेल, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ. पाच वेळा धुतलेल्या टाकीतून हे आलं होतं. टाकीतून बादलीत सोडलेलं दीड लिटर पाणी बघून मला जेवढं कळलं नव्हतं तेवढं ह्या एका गोलाकडे बघून कळलं. एवढंसं पाणी रोज पंपात जात होतं, किती वर्षं कोण जाणे. पहिल्या महिन्यात सगळं मिळून कटिंगचा अर्धा ग्लास पाणी निघालं. २०२२ चा पावसाळा संपल्यावर चालू करताना दोन ग्लास. टाकी भरून ठेवायला लागल्यापासून आता महिन्याला जेमतेम चमचाभर.

पंप तेव्हापासून उघडावा लागलेला नाही. ह्या मार्चमध्ये नोझल काढून टेस्टरवर लावून घेतली, सहाही फवारे सारखे, एकही टपकत नव्हतं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दुकानदाराने मला सांगितलं होतं की ॲव्हरेज वाढेल. सेपरेटरने ॲव्हरेज वाढत नाही. पाणी अडवणाऱ्या वस्तूने ते का वाढावं? माझं ॲव्हरेज लिटरला ३.८ वरून ४.२ वर गेलं खरं, पण ते नव्या नोझलांमुळे, टॅपेटमुळे आणि एअर क्लीनरमुळे. टॅपेट आणि एअर क्लीनर ही दोन कामं घरच्या घरी होतात, म्हणून त्यांच्याबद्दलही लिहितो.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट मापात आणणं, आबा आणि मी दर वर्षी दसऱ्याच्या आधी करतो. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, म्हणून सकाळी सहाला. गाडी न्यूट्रल, हॅन्डब्रेक, चाकांना दगड लावलेले, इंजिन बंद करायची वायर खेचून ठेवलेली. टॅपेट कव्हर काढलं की बारा रॉकर एका ओळीत. मी पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवतो, आबा वरून बघत राहतात. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. यात जोड्या लागतात : एक-सहा, पाच-दोन, तीन-चार. सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह जेव्हा डुलतात, म्हणजे एक मिटायला आणि दुसरा उघडायला लागतो, तेव्हा एक नंबरचे दोन्ही पूर्ण मोकळे असतात. त्या क्षणी एक नंबर सेट करायचा. मग पुढे फिरवायचं, दोन नंबर डुलला की पाच. कुठलीही खूण बघावी लागत नाही. आबांच्या वहीत या इंजिनाचं थंड माप लिहिलं आहे, इनलेट ०.२०, एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. तुमचं इंजिन वेगळं असेल तर त्याचं पुस्तक बघा, माझं माप वापरू नका.

फिलर गेजची पात घातली की ती सैल सुळकन जाता कामा नये आणि अडताही कामा नये. दोन बोटांत धरलेला कागद कोणीतरी ओढावा तशी ओढ लागली पाहिजे. ती ओढ मला दोन वर्षांनी कळायला लागली. आणि लॉक नट आवळला की माप हमखास सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा पात घालून बघायची. पहिल्या वेळी चार नंबरच्या एक्झॉस्टला मापच नव्हतं, पात शिरेना. म्हणजे तो व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पूर्ण बसतच नव्हता. आणखी एक सीझन तसाच गेला असता तर जळला असता आणि हेड उतरवावं लागलं असतं. १८० रुपयांच्या गेजने ते वाचलं.

दुसरं, एअर क्लीनर. जुन्या गाडीला ऑइल बाथ आहे, म्हणजे हवेतली धूळ वाटीतल्या ऑइलमध्ये अडकते. चिरेखाणीवरची लाल धूळ ज्याने बघितली आहे त्याला सांगायला नको. संध्याकाळी भुवयासुद्धा लाल होतात. ती सगळी इंजिन ओढत असतं. सीझनमध्ये दर रविवारी वाटी उतरवतो, तळाला लाल चिखल दोन बोटं जाड असतो. ऑइल ओतून टाकून जाळी डिझेलने धुवायची, आणि नवं ऑइल वाटीवरच्या रेघेपर्यंतच भरायचं. "जास्त घातलं तर जास्त धूळ पकडेल" म्हणून वर भरलं की तेच ऑइल इंजिन आत ओढतं. कोरड्या कागदी फिल्टरचा डबा बसवावा असं पुतण्याचं म्हणणं आहे. चांगला असतो, नाकारत नाही, पण आमच्या धुळीत तो कागद आठवड्याला झाडावा लागेल आणि वरचेवर बदलावा लागेल. ऑइल बाथ धुवायला माझी फक्त अर्ध्या तासाची मेहनत लागते.

ह्या दोन कामांनंतर पासिंगच्या वेळी धुराचं रीडिंग ४१ आलं. आदल्या वर्षी ५८ होतं. जुन्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५ एचएसयूची, त्यामुळे पास दोन्ही वर्षी झालो, पण फरक डोळ्यांनाही दिसतो. घाटात मागच्या गाडीवाल्याने काच वर घ्यावी लागू नये, एवढं तर आपण करू शकतो.

टर्बोबद्दल लोक विचारतात, म्हणून एक परिच्छेद. १२१० मधला १० म्हणजे साधारण शंभर हॉर्सपॉवर; तेवढ्यात आजच्या घाटात मागे रांग लागते हे खरं आहे. ६९७ चं टर्बो इंजिन जुन्या बाजारात मिळतं आणि चेसीत बसतंही. नुसता टर्बो जुन्या इंजिनाला जोडून देणारेही आहेत. मी दोन्हीचा हिशोब केला. नुसता टर्बो जोडला तर पिस्टन, नोझल, पंपाचं सेटिंग सगळं टर्बोशिवायचं, आणि उष्णता मात्र टर्बोची. पूर्ण इंजिन बदललं तर क्लच, रेडिएटर, गिअरबॉक्स तेवढ्या ताकदीचे आहेत का ते बघावं लागतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. आबांनी विचारलं, "टर्बो घालून तू खंय जातलस?" माझी सगळ्यात लांबची खेप राधानगरी. माझं मत पक्कं झालं आहे : तीस वर्षांच्या इंजिनाला पैसे घालायचेच तर आधी त्याच्या खाण्यापिण्यात घालावेत. स्वच्छ डिझेल, स्वच्छ हवा, वेळेवर ऑइल. ते झाल्यावर उरले तर ताकद.

नव्या डिझेलने जुनं इंजिन खराब होतं असंही बरेच जण म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंतच. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं, पण रिफायनरीत त्यासाठी ॲडिटिव्ह घालूनच ते बाहेर पडतं. मी वंगणासाठी टाकीत टू-टी ऑइल (जुन्या दुचाकींचं) वगैरे काही घालत नाही आणि पंपवाल्याला एलिमेंटवर तसली झीज कुठे दिसली नाही. पाण्याने जेवढं नुकसान केलं तेवढं दुसऱ्या कशाने केलेलं नाही.

आता वस्तूच्या खोडी. नेपलांचं वर सांगितलंच. वाटीचं प्लॅस्टिक जाड आहे, पण चिऱ्याचा तुकडा चाकाखालून उडून आदळला तर टिकणार नाही; मी पुढून तीन मिलिमीटरच्या पत्र्याचा आडोसा केला, मागून वाटी दिसती ठेवली. वाटीचा ओ-रिंग पहिल्याच सीझनला फुगला आणि खोलल्यावर परत खाचेत बसेना. बाजारातून डिझेलला चालणारा चांगला ओ-रिंग आणला, तो अजून तसाच आहे. कॉकचे आटे प्लॅस्टिकचे आहेत, पाना लावू नका, बोटांनी जेवढा आवळतो तेवढाच पुरे. पाण्याच्या सेन्सरची वायर आहे, मी जोडलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल लिहीत नाही. आतला फिल्टर ३८० रुपयांना मिळतो, मी सीझनला एक बदलतो.

घेताना हे बघा : डोक्यावर बाणाची खूण कोरलेली हवी, नुसता स्टिकर नको, कारण उलटा बसला तर उपयोग शून्य. नेपलाचं भोक तुमच्या पाइपाएवढं आहे का, दुकानातच ड्रिलचा मागचा दांडा घालून बघा. सुटा फिल्टर आणि ओ-रिंग त्याच दुकानात वेगळा मिळतो का, ते विचारा. मिळत नसेल तर घेऊ नका. वाटी उजेडात धरून बघा, दुधी असेल तर पाणी दिसणार नाही. ब्रॅकेटचा पत्रा हाताने वाकत असेल तर परत द्या, चिरेखाणीच्या रस्त्यावर तो महिन्यात तुटेल.

पाचपैकी मी चार देतो. एक नेपलांचा आणि ओ-रिंगचा कापला. उद्या दुसरी जुनी गाडी घेतली तर पहिल्या आठवड्यात हाच बसवीन, आणि पुतण्याच्या टेंपोसाठी दुसरा आणून ठेवलासुद्धा आहे, फक्त नेपल यायचे आहेत लेथवरून.

आबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघ्यामुळे गाडीखाली जात नाहीत. पण सेपरेटर चेसीच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे त्यांचा हात तिथे उभ्याने पोचतो. दर सोमवारी मी चहा घेईपर्यंत ते बाटली घेऊन बाहेर गेलेले असतात. बाटली उजेडाकडे धरतात, जरा तिरकी करतात, आणि खळ्यातूनच हाक मारतात, "आज पाणी नाय हां." मग मी स्टार्टर मारतो.